झोतिकोसची दवंडी

दिओमास आमच्या गावी आला तो सगळ्या जगाला तारणारी बातमी घेऊन, आणि ती सांगायला देवाने त्याला आवाज दिला होता डासाचा. मी चेष्टा करत नाही. लोकर रंगवायच्या माझ्या रंगशाळेच्या मागच्या खोलीत तो वर्षभर भाड्याने राहिला. जेवताना समोर बसून काही मागितलं तरी मला दोनदा विचारावं लागे, "काय? मीठ?"

धंद्याने तो जोडे शिवणारा. दुपारपर्यंत शिवायचा आणि ऊन उतरलं की बाजारातल्या कारंज्यापाशी उभा राहून येशूबद्दल सांगायचा. लिकोस नदीच्या काठचा आमचा बाजार म्हणजे लोकरीचा बाजार. मेंढ्या, गाढवं, लोकर झोडपणारे, भावावरून हमरीतुमरीवर आलेले. त्यात हा पुटपुटणार. पहिल्याच आठवड्यात एक म्हातारा हात जोडून शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला. दिओमासचे डोळे भरून आले. म्हाताऱ्याने विचारलं, "हे मलम टाचेच्या भेगांना चालतं का?"

तरी तो रोज जायचा. सहा महिन्यांत त्याने तीन माणसं जोडली. एक तातिओन, पाणी भरणारी गुलाम बाई. तिची घागर भरेपर्यंत तिला कारंज्यापाशी थांबावंच लागे, म्हणून तिने सगळी शिकवण घागरी-घागरीने ऐकली. दुसरा एक धोबी, जो कुणाचंही पटवून घ्यायचा. त्याआधी तो दोन वेगळ्या देवांचा झाला होता. आणि तिसरी मी.

मला त्याने काही पटवलं नाही. माझ्याकडे लोकर पिंजणारी एक बाई तापाने पडली. गावात साथ होती, तिच्या घरच्यांनी दार लावून घेतलं. दिओमास नऊ दिवस तिच्या उशाशी बसला, तिचं सगळं केलं. मी विचारलं, "ही तुझी कोण?" म्हणाला, "बहीण." मला खरंच वाटलं बहीण असेल. मी तिच्या माहेरचं गाव विचारलं, तेव्हा तो हसला. ती दहाव्या दिवशी गेली. त्याने तिला पुरलं, हात धुतले आणि जोडे शिवायला बसला. त्यानंतर मी त्याच्याबरोबर येशूच्या नावाने भाकरी मोडायला लागले. नवरा गेल्यापासून मी माणसांशी कमी आणि काहिलींशीच जास्त बोलत होते. जरा बरं वाटलं.

एवढ्यावर हे सगळं थांबलं असतं. दिओमास म्हातारा होऊन मेला असता आणि आम्ही तिघं त्याच्यामागे. पण आमच्या नशिबाने आम्हाला मेनोफान्तोस भेटला.

मेनोफान्तोस हा खाटकांच्या संघाचा प्रमुख, नगरसभेतही बसायचा. वसंतात डोंगरावरच्या आईचा उत्सव झाला. आम्हा रंगाऱ्यांची पंगत बसली, आईला चढवलेलं मांस पानात आलं. मूर्तीला चढवलेलं आम्ही खात नाही, म्हणून मी ते बाजूला सारलं. एवढ्या मोठ्या पंगतीत कुणाचं लक्ष जायचं कारण नव्हतं, पण मांस मेनोफान्तोसचं होतं.

"अम्मिआबाई," तो म्हणाला, "पोट बिघडलंय की डोकं?"

"पोट ठीक आहे."

"मग कळलं."

वीस दिवसांनी भूकंप झाला. आमच्याकडे भूकंप होतातच. चुलीवरचं भांडं हललं तर आम्ही आधी भांडं धरतो. पण या वेळी सार्वजनिक हमामाची भिंत पडली, दोन माणसं गेली. आई कोपली होती हे सगळ्यांनाच दिसत होतं. का कोपली, हे मेनोफान्तोसला ठाऊक होतं. त्याने ते पंगतीतच पाहून ठेवलं होतं. रंगाऱ्यांनी मला वाळीत टाकलं. लाल रंगाला लागणारी मंजिष्ठा विकणारा माझ्या दारावरून मान वळवून जाऊ लागला. एका सकाळी पाहिलं तर लाल रंगाच्या काहिलीत कुत्रं मरून तरंगत होतं. रंग मात्र चांगला चढला होता त्याच्यावर.

नगरसभेने ठरवलं की नुसतं वाळीत टाकून भागणार नाही. गावाला सावध केलं पाहिजे. नऊ दिवस, चौकाचौकात दवंडी. मजकूर मेनोफान्तोसने स्वतः सांगून लिहून घेतला. आणि दवंडी देणार माझा धाकटा दीर, झोतिकोस.

झोतिकोसबद्दल एवढंच सांगते की त्याला शिंग लागत नसे, ढोल लागत नसे. त्याने खालच्या वेशीत तोंड उघडलं की वरच्या आळीत कोंबड्या उडत. घराण्यात तोच एक रंगारी झाला नाही, पण आपल्या कामाचा त्याला इतका मान होता की माझ्या नवऱ्याने जांभळ्या रंगाचाही तेवढा कधी ठेवला नसेल.

तो दुपारी माझ्याकडे आला, हातात मजकुराची पाटी.

"वहिनी, तुमचा भाडेकरू आहे का घरात?"

"आहे. का भावोजी? हाकलायला आलात?"

"हाकलायचं नंतर. आधी मजकूर नीट करायचाय." तो दिओमाससमोर बसला आणि वाचू लागला. "'हे लोक गाढवाच्या मुंडक्याला भजतात.' बरं. आणि खाली चौथ्या ओळीत, 'हे लोक क्रुसावर चढवलेल्या माणसाला भजतात.' आता गाढव की माणूस? लोक मलाच अडवतात हो. मागे एकदा मी तांबडी शेळी हरवली म्हणून ओरडलो आणि ती निघाली काळी, तर वर्षभर मला बघून लोक बें बें करत होते."

दिओमासने आरी खाली ठेवली आणि काहीतरी म्हणाला.

"मोठ्याने."

"माणूस," दिओमास म्हणाला. "त्याला मारलं. तिसऱ्या दिवशी देवाने त्याला उठवलं."

"तुम्ही पाहिलं?"

"ज्याने पाहिलं त्याने माझ्या गुरूला सांगितलं."

"म्हणजे ऐकीव."

"हो."

"चालेल. माझंही सगळं ऐकीवच असतं. आणि हे माणसाचं मांस खाता ते?"

"भाकरी खातो आम्ही."

"कशाची?"

"जवाची," मी मध्येच म्हणाले. "मीच भाजते."

असं ओळीओळीने चाललं. दिओमास एकेका गोष्टीवर सृष्टीच्या आरंभापासून सुरुवात करायचा आणि झोतिकोस त्याला तोडायचा. "एका दमात मावलं पाहिजे, काका. चौकात दुसरा दम घेतला की तेवढ्यात कुणीतरी टोपली विकायला लागतं." संध्याकाळी तो उठला तेव्हा गाढव गेलं होतं, मांस गेलं होतं आणि पाटीवर सहा ओळी उरल्या होत्या.

"भावोजी," मी विचारलं, "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

"दवंडीच्या."

नगरसभेच्या कारकुनाने बदललेला मजकूर वाचला आणि शिक्का मारला. एवढं सगळं कबूलच करतात म्हटल्यावर त्याला तो जास्तच वाईट वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रंगशाळेत होतो. आधी कबुतरं उडाल्याचा आवाज आला, मग झोतिकोसचा.

"ऐका हो ऐका. नगरसभेचा हुकूम. गावात खूळ शिरलंय. ही माणसं म्हणतात, येशूला रोमनांनी क्रुसावर मारलं आणि तिसऱ्या दिवशी देवाने त्याला उठवलं. ही माणसं धनी आणि गुलाम एका पंगतीला बसवतात. विधवांना जेवू घालतात. उकिरड्यावर टाकलेली पोरं उचलून आणतात. साथीत रोग्याला सोडून पळत नाहीत. ज्याला कुणी नाही त्याला मूठमाती देतात. रविवारी उजाडायच्या आत, धोबीघाटामागे, अम्मिआच्या रंगशाळेत जमतात, दार तांबडं. कुणीही तिकडे फिरकू नये."

तांबडं दार मजकुरात नव्हतं. ते त्याने पत्त्यात घोळ नको म्हणून पदरचं घातलं.

दिओमास भिंतीला टेकून उभा होता. त्याचे ओठ हलत होते. मी जवळ गेले तेव्हा ऐकू आलं. "अकरा वर्षं," तो म्हणत होता, "अकरा वर्षं मी गावोगाव हेच सांगतोय."

त्या रविवारी एकोणीस जण आले. वाडगे घेऊन दोन विधवा, धन्याने म्हातारपणी घराबाहेर काढलेला एक गुलाम, नुसतंच बघायला आलेले चार-पाच. दगड घेऊन आलेले तिघं तरुणही होते. त्यातल्या एकाने मारला तो दिओमासच्या भुवईवर बसला. त्याने रक्त पुसलं आणि बोलणं चालू ठेवलं. काय बोलला ते मागच्यांना ऐकू गेलं नाही. रक्त मात्र सगळ्यांना दिसलं, आणि दगड मारणाऱ्यालाच पुढे जाऊन फडकं द्यावं लागलं, कारण तो सगळ्यात जवळ उभा होता.

नगरसभेने पाहिलं की गर्दी होतेय. त्यांनी दवंडी आणखी नऊ दिवस वाढवली.

मेनोफान्तोसची आई मेल्तिने ठार बहिरी होती. चौकातल्या घरात माडीवर बसून असायची. साऱ्या गावात तिला एकच आवाज ऐकू यायचा, आणि तो झोतिकोसचा. अठरा दिवस, रोज सकाळी, खिडकीखाली. एकोणिसाव्या दिवशी रविवार होता. ती काठी टेकत तांबड्या दाराशी आली आणि सगळ्यांत पुढे जाऊन बसली.

"मूठमाती देता ना तुम्ही?" तिने मला विचारलं. "माझा लेक मोठा माणूस आहे. त्याला त्या दिवशी वेळ मिळतो, न मिळतो."

उजाडता उजाडता मेनोफान्तोस स्वतः आला. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणं त्याला बरं वाटेना, म्हणून बाहेरून ओरडला, "आई, घरी चल."

म्हातारीने वळूनही पाहिलं नाही. तो आणखी ओरडला. गल्लीतली सगळी दारं उघडली. शेवटी त्याने माणूस पाठवून झोतिकोसला बोलावलं.

"हिला सांग, घरी चल म्हणावं."

"सभेचा हुकूम आहे का?" झोतिकोसने विचारलं.

"मी सांगतोय ना."

"तसं नाही मालक. घरगुती निरोप मी देत नाही. उद्या कुणाची सून, परवा कुणाचा जावई. पायंडा वाईट पडतो."

मेल्तिने भाकरी मोडून झाल्यावर उठली आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून घरी गेली. जाताना त्याला म्हणाली, "चांगली माणसं आहेत. कुणी ओरडत नाही." पुढच्या रविवारी पुन्हा आली.

त्याच आठवड्यात नगरसभेने दवंडी आणखी न वाढवता बंदच केली आणि त्या लोकांचं नावही कुणी काढू नये असं ठरवलं. आता लोकच झोतिकोसला रस्त्यात अडवू लागले. आज काही का नाही? मध्ये काय झालं? दाबलं का कुणी? तो म्हणायचा, "मला बोलायची बंदी आहे." याहून मोठी जाहिरात मी आजवर ऐकलेली नाही.

शरदात सुभेदाराचा अधिकारी न्यायासाठी आमच्या गावी आला, आणि मेनोफान्तोसने दिओमासला त्याच्यासमोर उभं केलं. रंगमंडळात, नाटकं होतात तिथे, सुनावणी होती. पायऱ्या भरून लोक उभे होते. अधिकारी बाहेरचा, उन्हाने त्रासलेला. त्याला दुपारच्या आत पुढच्या गावी जायचं होतं. त्याने रोमच्या कैसराच्या मूर्तीपुढे धूप ठेवला आणि दिओमासला म्हणाला, "चिमूटभर टाक आणि घरी जा."

दिओमास काहीतरी बोलला. समोरच्या रांगेलाही ऐकू आलं नाही.

आमच्याकडे रीत अशी, की आरोपीचा आवाज वरच्या पायरीपर्यंत पोचत नसेल तर दवंडीवाल्याने त्याचे शब्द जसेच्या तसे म्हणायचे. अधिकाऱ्याने झोतिकोसकडे बोट केलं. झोतिकोस दिओमासच्या तोंडाशी कान नेऊन उभा राहिला. मग सरळ झाला. मी त्याला बावीस वर्षं ओळखत होते. बोलण्याआधी तो थांबलेला मी तेव्हाच पाहिला.

"मी येशूचा आहे," झोतिकोस म्हणाला. "कैसरासाठी मी प्रार्थना करतो. कैसराची करत नाही."

मग एक दगड आला तो दिओमासला नाही, झोतिकोसला लागला, खांद्यावर. वरच्या लोकांना कोण बोललं ते कुठे कळत होतं.

"हे तू म्हणतोस की तो?" अधिकाऱ्याने विचारलं.

"शब्द त्याचे, सरकार. आवाज माझा."

कायदा असा की तीनदा विचारायचं. तीनदा विचारलं. तीनदा झोतिकोसने ते त्याच खणखणीत आवाजात म्हटलं, खांद्यातून रक्त येत असताना, एकही शब्द न गाळता. मेनोफान्तोस अधिकाऱ्याच्या कानाशी लागून म्हणत होता की पुरे, कळलं सगळ्यांना. तिसऱ्या वेळी सर्वांत वरच्या पायरीवर, जिथे गुलाम उभे राहतात तिथे, तातिओन म्हणाली, "मी पण." तिचा आवाज बरा होता, घागरी वाहून छाती मजबूत झालेली. अधिकाऱ्याने न ऐकल्यासारखं केलं. तो गाव रिकामं करायला आला नव्हता.

मी चौथ्या पायरीवर होते. मी उठले नाही. हे मी नंतर पुष्कळांना सांगितलं आहे. पण आता लोक मला येशूच्या मंडळीची आई म्हणतात, आणि मी हे सांगितलं की म्हणतात, किती नम्र.

दिओमासला संगमरवराच्या खाणीत पाठवलं. जाताना त्याने आपली आरी माझ्याकडे दिली आणि माझ्या डाव्या जोड्याचा तळ सुटत आला होता, तो शिवून द्यायचा राहिला म्हणून माफी मागितली. दुसऱ्या हिवाळ्यात तो तिथेच गेला. दगडाच्या गाडीवरचा माणूस सांगत होता की म्हातारा फारसा बोलायचा नाही. दिवसभर दगड आणि सांजेला इतर कैद्यांचे जोडे. किती जणांना त्याने काय सांगितलं हे गाडीवानाला माहीत नव्हतं. "पण पायात सगळ्यांच्या जोडे होते," तो म्हणाला.

झोतिकोसचं काम गेलं. त्या नावाने विटाळलेल्या आवाजात आईच्या उत्सवाची दवंडी कशी द्यायची, असं सभेला वाटलं. त्यांनी नवा दवंडीवाला नेमला, त्याचा आवाज बेताचाच आहे. झोतिकोस माझ्याकडे लोकर धुवायला लागला. तो सगळ्या दोषारोपांसकट आमच्यातला धरला गेला, फक्त आमच्यातला झाला नाही. कितीदा विचारलं असेल मी. म्हणायचा, "वहिनी, शेळी हरवल्याचं मी ओरडायचो. शोधायला गेलो का कधी?"

मंडळी वाढली. मेल्तिने गेली तेव्हा तिला आम्ही मूठमाती दिली. मेनोफान्तोस आला होता, दिवसभर थांबला आणि शेवटी विचारलं की एवढी माणसं आईला कुठून ओळखत होती. आता आम्ही शंभराच्या वर आहोत. शहरातून आमच्यासाठी अध्यक्ष पाठवला आहे, शिकलेला, गोड माणूस. त्याने आल्या आल्या शिस्त लावली. पुढे कुणी बसायचं, मागे कुणी, विधवांच्या यादीत कुणाचं नाव. धनी आणि गुलाम एकाच पंगतीला, पण पंगतीची दोन टोकं. आणि भाकरी मोडायच्या आधी ज्यांचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यात बुडवून दीक्षा, झालेला नाही त्यांनी बाहेर जायचं. दारावर मी.

झोतिकोस दर रविवारी येतो. का येतो विचारलं तर म्हणतो, सांगताना चुकत तर नाहीत ना, ते ऐकायला. गेल्या महिन्यात त्याने भर सभेत अध्यक्षांना अडवलं. "तुम्ही साथीच्या रोग्यांचं वाक्य गाळलंत."

"ते ओघाने आलंच त्यात," अध्यक्ष म्हणाले.

"ओघाने आलेलं मागच्या माणसाला ऐकू येत नाही."

मग भाकरीची वेळ झाली. मी त्याच्यापाशी गेले. असं सांगणं मला जमत नाही, पण माझ्यावर सोपवलेलं आहे.

"भावोजी, उठा आता. नियम आहे."

"माहीत आहे."

"पाण्यात उतरलात तर बसता येईल. एवढं काय आहे त्यात."

तो गुडघे धरून उठला. वय झालंय त्याचं. "वहिनी, आज मला कुणी विचारलं तर मी सांगतो आणि ते ऐकून घेतात, कारण मला त्यातून काही मिळत नाही. तुमच्यात आलो की म्हणतील, तो तर त्यांचाच."

"हे कारण खरं की भीती वाटते?"

त्याने जरा विचार केला. "रंगमंडळात वाटली नाही," तो म्हणाला. "पाण्याची वाटते. आत ओरडता येत नाही."

तो गेला, मी दार लावलं आणि दाराशीच बसले. नियमाने बाहेर काढलेले पंधरा-वीस जण अंगणात उभे होते, नवखे, आत काय चाललंय ते न कळलेले. त्यांच्यातल्या एका बाईने त्याला काहीतरी विचारलं. आत अध्यक्षांनी प्रार्थना सुरू केली होती, हळू, शहरी आवाजात. बाहेरून झोतिकोसची जुनीच दवंडी ऐकू यायला लागली. पहिल्या वाक्यालाच आत बसलेल्यांच्या माना दाराकडे वळल्या, आणि अध्यक्षांनी मला खूण केली की त्यांना जरा हळू बोलायला सांगा.

मी उठले नाही. या वेळी ते मुद्दाम.